असिस्टंट कोचची नोकरी कोणाच्या हातात असते?

न्यू जर्सीतील एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांचा मुलगा अमेरिकी कॉलेज खेळांच्या तीन विभागांपैकी तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, विभागातील एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकतो. तिथल्या फुटबॉल संघात तो चार वर्षे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू) म्हणून, बहुतेक वेळ राखीव खेळाडूंत, होता. मे महिन्यात त्याची पदवी पूर्ण होईल. एका सॉफ्टवेअर कंपनीचे नेमणूकपत्र हातात आहे. मात्र मिडवेस्टमधील एका विद्यापीठाने त्याला ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता काम करणारा सर्वांत कनिष्ठ कोच, म्हणून बोलावले आहे आणि त्याचा ओढा तिकडेच आहे. याला करिअर म्हणता येईल का, यात पोट भरते का आणि आम्ही त्याला अडवावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

या उत्तराला किती वजन द्यायचे हे आपले आपल्याला ठरवता यावे, म्हणून आधी माझ्याविषयी थोडे. माझा जन्म मिरजेचा. वडिलांच्या नोकरीमुळे तेराव्या वर्षी ओहायोत आलो, अंगापिंडापेक्षा हट्टाच्या जोरावर शाळेच्या संघात शिरलो, पुढे एका छोट्या कॉलेजात सेफ्टी, म्हणजे बचावातला सर्वांत मागचा खेळाडू, म्हणून खेळलो आणि २००१ साली जीए, म्हणजे हाच ग्रॅज्युएट असिस्टंट, झालो. तेव्हापासून चार राज्यांतील सात कॉलेजांत काम केले आहे आणि सध्या तिसऱ्या विभागातील एका कॉलेजात डिफेन्सचा कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाची आखणी सांभाळणारा असिस्टंट, आहे. भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की येथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी खेळ. मिरजेतल्या माझ्या मावशीला हे पंचवीस वर्षे समजावूनही ती अजून मला 'पायाला लागलं नाही ना रे?' असेच विचारते.

ताई, आपले तीनही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्या मुळाशी एक चौथा प्रश्न आहे आणि या धंद्यात येणारी मुलेही तो स्वतःला क्वचितच विचारतात. करिअर आहे का, तर आहे. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तीन विभागांत मिळून फुटबॉल खेळणारी सहाशेहून अधिक कॉलेजे आहेत आणि त्या प्रत्येकाला असिस्टंट लागतात. पोट भरते का, तर भरते, मात्र उशिरा आणि बेभरवशाने. चौथा प्रश्न असा, की जिची दोरी आपल्या कामापेक्षा दुसऱ्याच एका माणसाच्या यशापयशाला बांधलेली आहे, अशी नोकरी वर्षानुवर्षे करण्याची त्याची तयारी आहे का? असिस्टंट कोचला पगार कॉलेज देते आणि ओळखपत्रावर नाव कॉलेजचे असते, पण प्रत्यक्षात तो हेड कोचचा माणूस असतो. हेड कोच गेला की नवा येणारा आपली माणसे घेऊन येतो, आणि तुम्ही शिकवलेली मुले मैदानावर कशी खेळली याची चौकशी करायला कोणाला सवड नसते.

अलीकडचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२५ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय प्लेऑफच्या उपांत्य फेरीत खेळला. त्यानंतर लगेच त्यांनी ओहायो स्टेटच्या विजेत्या संघाचे डिफेन्स कोऑर्डिनेटर जिम नोल्स यांना वर्षाला ३० लाख डॉलरांहून अधिक पगार देऊन आपल्याकडे आणले. असिस्टंटच्या बाबतीत हा आकडा ऐकून आमच्या धंद्यातली माणसेही अवाक झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम निम्मा झालेला असताना, हेड कोच जेम्स फ्रँकलिन यांना काढून टाकण्यात आले. नोल्स यांच्यासारख्यांच्या मागे वकिलांनी बारकाईने लिहिलेला करार उभा असतो. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर व्हिडिओ कापत बसलेल्या जीएच्या मागे काहीही उभे नसते.

आता आपल्या मुलाला जे काम मिळते आहे, ते नेमके काय आहे ते सांगतो. जीए हा कागदोपत्री पदव्युत्तर विद्यार्थी असतो. त्याची फी माफ होते, दरमहा थोडे विद्यावेतन मिळते आणि त्या बदल्यात तो संघाचे पडेल ते काम करतो. माझे विद्यावेतन महिना ७०० डॉलर होते. खेळाडूंकडून हंगामात आठवड्याला वीस तासांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये असा पहिल्या विभागाचा नियम आहे. कोचसाठी तसा कोणताही नियम नाही. अमेरिकी कामगार कायद्यात, शिकवणे हेच ज्यांचे मुख्य काम आहे असे कोच शिक्षकांच्या सवलतीत बसतात, त्यामुळे पूर्णवेळ नोकरी लागल्यावरही जादा तासांचे पैसे मागता येत नाहीत.

या कामातला मोठा भाग म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म फोडणे, म्हणजे त्याच्या सामन्यांचा एकेक डाव वेगळा काढून त्याची नोंद करणे. चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर होता की उजव्या, कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवे होते, पाच ऑफेन्सिव्ह लाइनमनच्या बाजूला टाइट एंड (आक्रमणाच्या ओळीच्या टोकाला उभा राहणारा खेळाडू) कोठे उभा होता, चेंडू सुटण्यापूर्वी कोण हलले, पुढे काय झाले, हे सगळे रकाने हाताने भरायचे असतात. एका सामन्यात साधारण सत्तर डाव असतात आणि चार सामने तरी पाहावे लागतात. आज हडलसारख्या सॉफ्टवेअरमुळे फिती घेऊन गाडीने रात्रीबेरात्री धावावे लागत नाही, पण रकाने भरणारे डोळे अजून माणसाचेच आहेत.

त्यानंतर येतात कार्डे. मंगळवारच्या सरावात आपलेच राखीव खेळाडू प्रतिस्पर्धी बनून उभे राहतात, त्यांना स्काउट टीम म्हणतात. त्यांना प्रत्येक डाव समजावा म्हणून जाड कागदावर ठळक मार्करने चित्र काढलेले असते: अकरा गोल, प्रत्येकाची रेघ, बाण. माझ्या पहिल्या हंगामात, व्यायामशाळेच्या तळघरातील खिडकी नसलेल्या एका खोलीत बसून, मी सोमवारच्या रात्री पंचेचाळीस कार्डे काढत असे. एकदा पहाटे तीनच्या सुमारास एका कार्डावर टाइट एंड उजवीकडे काढायचा तो डावीकडे काढला. दुसऱ्या दिवशी स्काउट टीम त्या कार्डाप्रमाणे उलट्या बाजूने धावली, आमचा मुख्य लाइनबॅकर आठवडाभर जे वाचायला शिकला होता त्याच्या नेमके विरुद्ध दृश्य त्याला दिसले आणि तो जागच्या जागी गोंधळून उभा राहिला. कोऑर्डिनेटर माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिले आणि विचारले, "शनिवारी हा मुलगा चुकला, तर चूक कोणाची म्हणायची?" ते कार्ड मी अनेक वर्षे जपून ठेवले होते.

मला त्या रात्री आवडत असत. हे मी अभिमानाने सांगत नाही, तर कसोटी म्हणून सांगतो. आपल्या मुलाला शनिवारची गर्दी, बँड आणि कडेच्या पट्टीवर उभे राहणे आवडते की सोमवारची ती खोली आवडते, हे तपासून पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. खेळणे थांबणार या दुःखापोटी कोचिंगकडे वळणारी मुले मी बरीच पाहिली आहेत. आपल्या हातून खेळ सुटला आहे हे एकदा मनाने स्वीकारले, की दीड-दोन वर्षांत त्यांना ही खोली नकोशी होते. पुढे देशातले सर्वांत नावाजलेले कॉलेज कोच झालेल्या निक सेबन यांनीही १९७३ मध्ये केंट स्टेटला जीए म्हणूनच सुरुवात केली, तीही पत्नीचे शिक्षण पूर्ण व्हायला एक वर्ष बाकी होते म्हणून. ही गोष्ट प्रत्येक जीएला पाठ असते. पण त्याच वर्षी इतर कॉलेजांच्या तळघरांत जे बसले होते, त्यांच्या गोष्टी कोणी पाठ करत नाही.

जीएच्या पुढची पायरी कोणती, हे कॉलेज कोणत्या स्तरावरचे आहे यावर अवलंबून आहे, आणि इथे सर्वांना लागू पडेल असे उत्तर देता येत नाही. सर्वांत वरच्या, म्हणजे एफबीएस स्तरावर १३० हून अधिक संघ आहेत. हेड कोचखेरीज दहा असिस्टंट ठेवण्याची मुभा त्यांना जानेवारी २०१८ पासून मिळाली. त्याआधी ही संख्या नऊ होती. हिशेब केला तर देशभरात तेराशे-चौदाशे जागा होतात. पूर्वी या दहांव्यतिरिक्त असलेल्या ॲनालिस्ट, म्हणजे फिल्म आणि आकडेवारी पाहणाऱ्या, मंडळींना खेळाडूंना मैदानावर प्रत्यक्ष शिकवता येत नसे. २०२४ च्या उन्हाळ्यात तो नियम शिथिल झाला आणि आता ॲनालिस्टही शिकवू शकतात, मात्र बाहेर फिरून रिक्रूटिंग (शाळांतले खेळाडू शोधून आणणे) करण्याचा अधिकार अजून मर्यादित माणसांनाच आहे. याचा एक फायदा असा, की तरुणांना शिकवण्याची संधी लवकर मिळू लागली. तोटा असा, की शिडीत मध्येच एक पायरी वाढली आणि तिच्यावर माणसे वर्षानुवर्षे बसून राहू लागली.

तिसऱ्या विभागात चित्र अगदी वेगळे आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, पूर्णवेळ असिस्टंट मोजकेच असतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात दुसरे एखादे काम असते. माझी पहिली पूर्णवेळ नोकरी २००३ साली वर्षाला २४,००० डॉलरची होती. त्यात लाइनबॅकर शिकवणे, साहित्याची खोली सांभाळणे आणि एका वसतिगृहात राहून रात्री मुलांची भांडणे सोडवणे या तिन्ही गोष्टी होत्या. राहणे फुकट होते, म्हणून निभावले. आज पगार वाढले आहेत, पण तेवढ्याच शिक्षणावर सॉफ्टवेअर कंपनीत मिळणारा पैसा आणि हा पैसा यांची तुलना करू नये. ती केली तर हा विषय तिथेच संपतो.

आपल्या मुलाच्या कॉम्प्युटर सायन्सविषयी एक सावधगिरीची सूचना करतो. ते शिक्षण आज या क्षेत्रात खरोखर उपयोगी आहे, कारण आकडेवारीवरून चौथ्या डाऊनला काय करावे इथपासून कोणता खेळाडू घ्यावा इथपर्यंतचे निर्णय होऊ लागले आहेत आणि मोठ्या कॉलेजांनी त्यासाठी स्वतंत्र विभाग उघडले आहेत. परंतु खोलीत भारतीय नावाचा तरुण आला की प्रोजेक्टरची वायर आपोआप त्याच्या हातात येते, हा माझा अनुभव आहे. पहिली दोन वर्षे मी 'व्हिडिओवाला' होतो आणि मला शिकवता येते हे सिद्ध करायला तिसरे वर्ष लागले. त्याला कोच व्हायचे असेल, तर त्याने पहिल्याच दिवसापासून एखाद्या गटाला शिकवण्याची जबाबदारी मागून घ्यावी, मग तो गट चौथ्या फळीतील लाइनबॅकरांचा का असेना. आकडेवारीच्याच बाजूला राहायचे असेल, तर तेही सन्मानाचे काम आहे. फक्त तो रस्ता वेगळा आहे, हे त्याला आधी कळलेले बरे.

अस्थिरतेबद्दल मी वर सूत्ररूपाने लिहिले. ती प्रत्यक्षात कशी येते ते आता सांगतो. २००९ साली मी पहिल्या विभागातील एका विद्यापीठात होतो. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या आठवड्यात रिक्रूटिंगसाठी इंडियानातील एका घरी गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मुलगा, त्याचे आईवडील आणि मी असे बसलो होतो. आईने मक्याचे गरम कॅसेरोल वाढले होते आणि मी आमच्या इंजिनिअरिंग विभागाचे गुणगान करत होतो. वडिलांचा फोन थरथरला. त्यांनी तो वाचला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला: आमच्या हेड कोचला काढल्याची बातमी होती. मला कोणीही कळवले नव्हते. त्या गृहस्थांनी अगदी सौम्यपणे विचारले, "मग आता तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय?" कॉलेज चांगले आहे आणि ते कुठे जाणार नाही, असे काहीतरी मी म्हणालो. मग वाढलेले सगळे संपवले, कारण त्या माउलीने प्रेमाने केले होते, आणि चार तास गाडी चालवत घरी आलो. पत्नीला सातवा महिना होता. पुढच्या बारा दिवसांत नवा हेड कोच आला. त्याने आम्हा नऊ जणांना एकेक करून बोलावले. माझी भेट आठ मिनिटे चालली. नऊपैकी एकाला ठेवले, तो मी नव्हतो.

या प्रसंगात आम्हाला वाचवले ते एका तारखेने. माझा करार ३० जूनपर्यंतचा होता, कारण त्या विद्यापीठाचे आर्थिक वर्ष तेव्हा संपत असे. त्यामुळे पगार आणि आरोग्य विमा तोपर्यंत चालू राहिला आणि फेब्रुवारीत मुलगी झाली तेव्हा रुग्णालयाचे बिल विम्यातून भागले. मार्चमध्ये दुसऱ्या विभागातील एका कॉलेजात काम मिळाले, वर्षाला ११,००० डॉलर कमी पगारावर. ज्या सहकाऱ्याच्या करारात तारीखच नव्हती, त्याचा विमा त्याच महिन्याअखेर संपला. तेव्हापासून कोणत्याही तरुणाने मला नेमणूकपत्र दाखवले, की मी पगाराचा आकडा नंतर वाचतो आणि शेवटची तारीख आधी शोधतो.

ठरावीक वेळी बढती मिळत जाणारी ही नोकरी नाही, हे समजण्यासाठी तीन माणसांची उदाहरणे पुरेशी आहेत. नॉर्म चाऊ हे होनोलुलूचे. ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठात १९७३ पासून सत्तावीस हंगाम असिस्टंट होते, २००२ मध्ये सदर्न कॅलिफोर्नियात असताना त्यांना देशातील सर्वोत्तम असिस्टंटचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, आणि तरीही कॉलेज संघाचे हेडकोचपद त्यांच्या वाट्याला आले ते डिसेंबर २०११ मध्ये, हवाई विद्यापीठात, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. मोठ्या स्तरावरचे पहिले आशियाई-अमेरिकी हेड कोच म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. चौथ्या हंगामातच त्यांना तिथून जावे लागले. आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलांसाठी दार उघडले आहे का, असे मला लोक विचारतात, तेव्हा मी चाऊंचे वय सांगतो. दार उघडले आहे, पण किती वेळाने उघडले हेही लक्षात ठेवावे.

दुसरे माइक लीच. पेपरडाइनमधून कायद्याची पदवी घेतलेला, कॉलेजात एकही सामना न खेळलेला हा माणूस १९८७ मध्ये कॅल पॉली येथे असिस्टंट झाला, मध्येच फिनलंडमधील एका संघाला शिकवून आला आणि हेड कोच हॅल ममी यांच्या हाताखाली आयोवा वेस्लियन, व्हॅल्डोस्टा स्टेट, केंटकी असा प्रवास करत २००० साली टेक्सस टेकचा हेड कोच झाला. त्यांनी नामांकित कॉलेज शोधले नाही. त्यांना ज्याचा विचार पटला त्या माणसाला त्यांनी धरून ठेवले आणि तो जिथे गेला तिथे तेही गेले.

तिसरे बड फॉस्टर, आणि माझ्या मते हे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. १९८७ मध्ये ते हेड कोच फ्रँक बीमर यांच्याबरोबर व्हर्जिनिया टेकला आले आणि २०१९ चा हंगाम संपेपर्यंत तिथेच राहिले. २०१५ नंतर बीमर निवृत्त झाले तेव्हा नव्या हेड कोचनेही त्यांना ठेवून घेतले, जे क्वचितच घडते. त्यांना हेड कोच व्हायला मिळाले नाही, म्हणून त्यांची कारकीर्द अपुरी राहिली असे आमच्या धंद्यात कोणी म्हणत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत प्रत्येक जुना मल्ल वस्ताद होत नाही. काही जण आयुष्यभर पोरांना एकच डाव घोटून शिकवतात आणि त्या एका डावासाठी लांबून पोरे येतात. असिस्टंट कोचचे सर्वोत्तम रूप मला तसे वाटते.

गेल्या काही वर्षांत या कामाचे स्वरूपही बदलले आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, आले, २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मोकळीक मिळाली आणि कॉलेज बदलल्यावर एक वर्ष न खेळता बसण्याची अट सुटली, आणि जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर पहिल्या विभागातील कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. असिस्टंटच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्याला तुम्ही दोन वर्षे खपून घडवले तो हंगाम संपताच 'मी निघालो' असे सांगू शकतो. पूर्वी शाळेतल्या मुलांना समजावून आणावे लागे. आता स्वतःच्या खोलीत बसलेल्या मुलांनाही दरवर्षी नव्याने समजवावे लागते. खेळाडूंना हा अधिकार मिळाला हे मला मनापासून योग्य वाटते, कारण आम्ही करार मोडून जात होतो तेव्हा त्यांना मात्र बांधून ठेवले होते. तरीही त्यामुळे शिकवण्याचा वेळ कमी झाला आणि फोनवर बोलण्याचा वाढला, हे नाकारता येत नाही.

आता आपल्या मुलासमोर असलेल्या या विशिष्ट बोलावण्याकडे वळतो. विद्यापीठाचे नाव क्षणभर बाजूला ठेवा आणि त्याला बोलावले कोणी, ते पाहा. कोऑर्डिनेटरने स्वतः फोन केला की कार्यालयातून ईमेल आला, यात मोठा फरक आहे. त्या हेड कोचच्या कराराची किती वर्षे शिल्लक आहेत ते पाहा. विद्यापीठ सरकारी असेल तर तो करार बहुधा सार्वजनिक दस्तऐवज असतो आणि मागितला तर मिळतो. त्या खोलीत बसलेले मागचे चार-पाच जीए आज कुठे आहेत ते मुलाने विचारावे आणि त्यांतील दोघांना तरी स्वतः फोन करावा. 'आमच्या जीएंना नेहमी नोकऱ्या लागतात' असे प्रत्येक जण सांगतो. नावे सांगताना मात्र अनेकांची गाडी अडते. फी पूर्ण माफ आहे की फक्त शिकवणी शुल्क, उन्हाळी सत्राचे काय आणि आरोग्य विमा आहे की नाही, हे लेखी घ्यावे. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत तो आपल्या विम्यावर राहू शकतो, ही त्यातल्या त्यात सोय आहे. पदव्युत्तर पदवी खेळ-व्यवस्थापनाची न घेता संख्याशास्त्राची किंवा डेटाची घेता आली, तर पुढे हा रस्ता सोडायची वेळ आली तरी ती दोन वर्षे वाया जाणार नाहीत. मात्र शरद ऋतूतले वर्ग सरावाच्या वेळेत येत नाहीत ना, हे त्याला आधी पाहावे लागेल. तो इथलाच नागरिक आहे असे मी गृहीत धरले आहे. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असलेल्या कोणी हे वाचत असेल, तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्याच कामाची परवानगी असते आणि जीएचे काम वीस तासांत कधीच बसत नाही, हे लक्षात घेऊन वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अडवावे का, या प्रश्नाला मी बाप म्हणून उत्तर देतो. अडवू नका, पण मुदत ठरवा, आणि ती त्यालाच ठरवू द्या. मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना पाच वर्षे सांगतो: दोन जीएची आणि तीन त्यापुढची. पाचव्या वर्षाअखेर स्वतःचा गट, पूर्णवेळ पगार आणि करारावर तारीख या तिन्ही गोष्टी नसतील, तर थांबावे. कर्ज किती आहे यावर हा आकडा बदलतो. शिक्षणाचे कर्ज मोठे असेल तर मी पाचाचे तीन करीन, आणि लग्न ठरले असेल तर जोडीदाराला माझ्या पत्नीशी बोलायला सांगेन, कारण सात घरे बदलण्याचा हिशेब तिच्याकडे माझ्यापेक्षा नेमका आहे. सॉफ्टवेअर कंपनीला नकार कळवण्यापूर्वी रुजू होण्याची तारीख वर्षभर पुढे नेता येईल का, हे त्याने एकदा विचारून पाहावे. कंपन्या बहुधा नाही म्हणतात, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

पदवी मिळण्याआधी एक गोष्ट करता येईल. मार्च-एप्रिलमध्ये त्या विद्यापीठाचा वसंत ऋतूतील सराव असतो. पहिल्या विभागात पंधरा सरावांची परवानगी असते. त्याने स्वखर्चाने आठवडाभर तिथे जावे आणि मैदानावर उभे राहण्याऐवजी जीएंच्या खोलीत बसण्याची परवानगी मागावी. परत आल्यावर त्याला सामन्यांविषयी काही विचारू नका. कार्डे काढली का आणि किती, एवढेच विचारा. आणि ताई, नेमणूकपत्र घरी आले असेल तर त्यात शेवटची तारीख कोणती लिहिली आहे, तेवढे मला कळवा. जून अखेरची असेल तर एक सल्ला देईन, आणि तारीखच नसेल तर त्याने सही करण्यापूर्वी कोणती ओळ घालून मागावी ते लिहून पाठवीन.